घरपट्टीच्या नोंदी : समाजेतिहासाचे एक साधन

१९५५ साली कुंथलगिरी येथे झालेली आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना आपण भक्तिभावाने स्मरतो. त्या काळच्या घरपट्टीच्या पावत्या मात्र किती घरांनी जपल्या?

निजामी राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे जुने कागद नव्या पिढीस वाचता येत नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पुढे गावांत १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम व नगरांत १९६५ चा नगरपरिषद अधिनियम घरपट्टीचा आधार ठरला.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ आकारणी दाखवितो, नमुना ९ मागणी, तर नमुना १० ही भरण्याची पावती होय. हे तिन्ही पडताळल्यास देणे किती व भरणा किती, हे उलगडते. २०२३ साली उस्मानाबादचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. म्हणून दोन्ही नावांनी शोध घ्यावा.

घरपट्टीची पावती हा मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. तथापि त्या वास्तूचा भार कोणी वाहिला, हे ती सांगते. वडीलधाऱ्यांच्या हयातीतच हे कागद वाचून घ्यावेत, ही समाजबांधवांस नम्र विनंती.