नवगावचे दोन उंचवटे : नाव नसलेल्या थडग्यांची साक्ष

१/ अलिबागच्या उत्तरेस, नवगावच्या किनाऱ्यालगत एक जुनी ज्यू दफनभूमी आहे. तिथल्या सर्वांत जुन्या थडग्यांवर ना नाव कोरलेले, ना साल. तरीही आपला महाराष्ट्रातील इतिहास इथूनच सुरू झाला, असे बेने इस्रायल समाज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे.

२/ परंपरा अशी : खांदेरी-उंदेरीजवळच्या खडकाळ समुद्रात एक जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेले मृतदेह नवगावला पुरण्यात आले. पुरुषांसाठी एक उंचवटा, स्त्रियांसाठी दुसरा.

३/ ही घटना कधीची? समाजाचे इतिहासकार हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी ती इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास मानली. हा परंपरेवर आधारलेला तर्क होय. त्या काळचा शिलालेख वा ताम्रपट यांचा आधार त्याला नाही.

४/ वाचलेली माणसे कोकणात स्थिरावली. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. गावांवरून आडनावे पडली : नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. भाषा मराठी झाली. सुंता, शब्बाथ आणि ‘शेमा’ ही प्रार्थना मात्र टिकली.

५/ १७३८ मध्ये सार्टोरियस या मिशनऱ्याच्या पत्रात या समाजाचा उल्लेख येतो. त्यांच्यापाशी धर्मग्रंथ नाही, हिब्रू म्हणून केवळ ‘शेमा’ येते, असे तो नोंदवतो. ग्रंथ नसलेल्या समाजाची स्मृती मग कुठे राहिली? घरातील आचारांत आणि गावाबाहेरच्या दफनभूमीत.

६/ मुंबईतील पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये उभारले. अलिबागचे ‘मागेन आबोथ’ १८४८ चे. म्हणजे प्रार्थनामंदिरे उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून मृतांसाठी जमीन राखलेली होती. ज्यू धर्मात दहन निषिद्ध असून थडगे हलवणेही वर्ज्य मानले जाते. हिब्रूत दफनभूमीला ‘बेत हाइम’, म्हणजे जीवनाचे घर, असेही म्हणतात.

७/ पुढे लष्कर, शिक्षण आणि नोकरी यांनी समाजाला मुंबई-पुण्याकडे नेले. १९४८ नंतर इस्रायलकडे स्थलांतर सुरू झाले. १९५१ मध्ये भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते; २०११ मध्ये ती संख्या पाच हजारांच्याही आत आली.

८/ इस्रायलमध्ये वेगळीच परीक्षा वाट पाहत होती. विवाहाच्या प्रश्नावरून तेथील काही धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतली. दीर्घ आंदोलनानंतर, १९६४ मध्ये, बेने इस्रायल पूर्णतः ज्यू आहेत, हे सरकारला जाहीर करावे लागले. ज्यांची वंशावळ कागदावर नव्हती, त्यांच्याकडून कागद मागितला गेला होता.

९/ अलीकडच्या जनुकीय अभ्यासांत या समाजाचे मूळ ज्यू आणि भारतीय असे दुहेरी आढळले आहे. जहाज फुटल्याची कथा त्यातून सिद्ध होत नाही. पण पश्चिमेकडून आलेले लोक आणि कोकण यांचे नाते त्यातून दिसते.

१०/ नवगावला आज स्मारकस्तंभ आहे आणि इस्रायलमधून आलेले वंशज तिथे येऊन प्रार्थना करतात. शिलालेख असलेल्या थडग्याची नोंद पुस्तकात होते आणि ते नष्ट झाले तरी मजकूर उरतो. नाव नसलेल्या थडग्याचे तसे नाही. तो उंचवटा सपाट झाला, की त्याच्याबरोबर पुरावाही गेला. म्हणून गावाबाहेरची अशी ‘रिकामी’ जमीन राखणे हेही इतिहासलेखनच आहे.