तसबिरीचा कागद

तसबिरीसाठीं कागद निवडतांना मनुष्य बहुधा प्रथम तकाकी पाहतो. तुकतुकीत कागदावर काळा रंग गडद उठतो, बारीक रेषा स्पष्ट होतात व पाहणारा तत्काळ मोहून जातो. हा मोह आजचा नव्हे. त्याचा पूर्वेतिहास वाचकांनीं पाहावा, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १८४३ ते १८४७ या काळांत एडिंबरो येथें डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल हा चित्रकार व रॉबर्ट ॲडम्सन हा त्याचा सहकारी, या दोघांनीं धर्मोपदेशकांच्या आणि न्यूहेवन गांवच्या कोळणींच्या अनेक तसबिरी घेतल्या. मीठ व चांदीचा क्षार चढविलेल्या साध्या कागदावर त्या छापल्या होत्या. चित्र तंतूंतच मुरल्यामुळें त्यांस चकाकी नाहीं. केस न् केस दिसत नाहीं, पण माणूस समोर उभा राहतो. पुढें १८५० मध्यें ब्लांकार-एव्हरार या फ्रेंच गृहस्थानें अंड्यांतील पांढऱ्या भागाचा लेप दिलेला कागद प्रचारांत आणला. रेषा तीक्ष्ण झाल्या. लोकांनीं तो कागद डोक्यावर घेतला. परंतु त्यावरील पुष्कळ चित्रें कालांतरानें पिवळीं पडलीं.

१८७३ मध्यें विल्यम विलिस यानें प्लॅटिनमच्या छपाईचें पेटंट घेतलें, आणि तकाकी नसलेला कागद पुन्हां मानास चढला. प्लॅटिनम सहसा गंजत नाहीं, म्हणून तीं चित्रें टिकलीं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हा कागद महाग व दुर्मिळ झाला, तेव्हां फ्रेडरिक एव्हन्ससारख्या निष्णात कलावंतानें छायाचित्रणच सोडलें. कागद हा चित्राचा केवळ पाट नव्हे, हें यावरून उघड होतें.

तथापि तकाकी नसली म्हणजे टिकाऊपणा आला, असेंही नाहीं. १९९१ मध्यें कॅलिफोर्नियांत ग्रॅहम नॅश या गायकानें मॅक होल्बर्ट याच्यासह छापखाना काढला. मुद्रणाचे नमुने काढण्याकरितां बनविलेल्या आयरिस यंत्रावर, जलरंगाच्या जाड कागदावर, तेथें छायाचित्रें छापलीं जाऊं लागलीं. चित्रें मनोहर उतरत. परंतु त्या काळच्या विरघळणाऱ्या रंगांच्या शाया उजेडांत विटत. २००० च्या सुमारास रंगद्रव्याच्या सूक्ष्म कणांच्या शाया आल्या, तेव्हां ही उणीव पुष्कळशी दूर झाली.

म्हणून इंकजेट यंत्रासाठीं मॅट कागद घेणारानें प्रथम तो आम्लरहित व शक्यतों कापसाच्या तंतूंचा आहे कीं नाहीं, तें पाहावें. फार शुभ्र कागदाविषयीं सावध असावें. त्यांत बहुधा उजाळा देणारीं द्रव्यें असतात. त्यांचा गुण ओसरला कीं कागद पिवळसर दिसूं लागतो आणि चेहऱ्याचा वर्ण बदलल्यासारखा भासतो. काळी शाई मॅट कागदाचीच वापरावी. इतकें करूनही तुकतुकीत कागदाइतका गडद काळा रंग मिळणार नाहीं, हें खरें. पण कांचेआड टांगलेल्या तसबिरींत हा भेद फारसा जाणवत नाहीं. शिवाय मॅट पृष्ठ घासलें असतां लवकर बिघडतें, तेव्हां कांच हवीच. आपल्या वडीलधाऱ्यांचा चेहरा नातवंडांनीं ओळखावा, अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनीं कागद व शाई यांचा विचार आधीं करावा. तकाकीचा मागाहून केला तरी चालेल.