बादलीतला टोमॅटो : बी डिसेंबरातच घरात टाका, फळ उन्हाआधी धरेल

दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की टोमॅटोची फुलं गळायला लागतात. झाड हिरवंगार दिसतं, पण फळ धरत नाही. अंगणात थंडी सरल्यावर, फेब्रुवारीत बी टाकणाऱ्यांची हीच गत होते. फुलोरा नेमका एप्रिलच्या उन्हात सापडतो. उपाय म्हणजे बी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टाकायचं, तेही घरात. कारण बाहेर गारठा असतो. निफाडसारख्या भागात पहाटे पारा १० अंशांच्या खाली येतो आणि अशा थंडीत बी नुसतं पडून राहतं. घरातल्या उबेला तेच आठ-दहा दिवसांत उगवतं.

वाण मात्र ठेंगणंच हवं. रोपवाटिकेत मिळणारी बहुतेक रोपं तार-बांबूवर चढवायच्या उंच वाणांची असतात, ती बादलीत मावत नाहीत. बी घेताना ‘मर्यादित वाढीचं’ किंवा कुंडीसाठीचं आहे का, हे दुकानदाराला विचारा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं ‘पुसा अर्ली ड्वार्फ’ हे बुटकं, लवकर येणारं वाण. ‘टायनी टिम’ तर फूट-दीड फुटाच्या आतच राहतं, फळं बोराएवढी. संकरित बियाण्याचं बी पुढच्या वर्षाला धरू नका, झाड तसंच निघत नाही. सरळ वाणाचं धरलं तर चालतं.

चहाचे कागदी कप किंवा करवंट्या घ्या, बुडाला भोक पाडा. चाळलेली माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत निम्मं-निम्मं भरा. बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकून वर प्लास्टिक झाका आणि चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवा. उंदरांपासून जपा, ते बी उकरतात.

खरी गफलत पुढे होते. कोंब दिसला त्याच दिवशी प्लास्टिक काढून कप उजेडात न्यायला हवेत. दोन दिवस अंधारात राहिले तरी रोप दोऱ्यासारखं लांबतं आणि मान टाकतं. दिवसा ओट्यावर कोवळ्या उन्हात, रात्री घरात, अशी ने-आण करावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही. पाणी बेतानंच द्या. माती सतत ओली राहिली तर रोपं बुडाशी सडून कोलमडतात.

पाच आठवड्यांनी रोप बादलीत लावा. १० ते १५ लिटरची फुटकी बादली किंवा रंगाचा डबा नीट धुऊन चालतो, खाली चार-पाच भोकं हवीत. नुसती काळी माती भरू नका, ती तडकते आणि पाणी कडेनं निघून जातं. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग भाताचं तूस किंवा वाळू असं मिश्रण करा. रोप खालच्या पानांपर्यंत खोल लावा, खोडाला नवी मुळं फुटतात.

ठेंगण्या वाणाची बगलफूट काढू नका, फळं त्याच फांद्यांवर येतात. सकाळी झाड हलकं हलवलं की फळधारणा सुधारते. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी असं केलं की फळं तडकतात, बुडाला काळी पडतात. मार्चपासून एका बादलीला रोज दीड-दोन लिटर पाणी लागतं. टंचाईच्या गावात तेवढंही जड जातं, म्हणून तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी वापरा, साबणाचं नको. बादलीला ओलं पोतं गुंडाळलं तर मुळं तापत नाहीत.

पानं आकसून वाटीसारखी वळली तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. फवारणीनं झाड बरं होत नाही, उपटून लांब पुरा. माशीसाठी पिवळे चिकट सापळे आधीच लावा. तंबाखू मळणाऱ्यांनी हात साबणानं धुतल्याशिवाय रोपांना हात लावू नये; तंबाखूतूनही टोमॅटोला विषाणू लागतो.