'मेजर डंडी'ची परत आलेली मिनिटे

सॅम पेकिनपा या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'मेजर डंडी' हा चित्रपट १९६५ साली प्रदर्शित झाला तेव्हा दोन तास तीन मिनिटांचा होता. चाळीस वर्षांनी, २००५ मध्ये, तो पुन्हा पडद्यावर आला तेव्हा दोन तास सोळा मिनिटांचा झाला होता. मधल्या चार दशकांत या चित्रपटाभोवती एक दंतकथा तयार झाली होती. पेकिनपाने एक महान वेस्टर्न बनवला, निर्मात्याने त्याला कात्री लावली आणि उरला तो सांगाडा, अशी ती दंतकथा. कापलेले तुकडे परत जोडल्यावर चित्रपट सावरला का, याचा शोध घेण्यासाठी मी दोन्ही आवृत्त्या प्रसंगवार ताडून पाहिल्या. या लेखात त्या तपासणीचा निष्कर्ष मांडतो आहे.

प्रथम कथानक. काळ १८६४-६५चा. अमेरिकेतले यादवी युद्ध शेवटाकडे आले आहे. मेजर एमॉस डंडी (चार्ल्टन हेस्टन) हा उत्तरेच्या सैन्यातला अधिकारी शिक्षा म्हणून न्यू मेक्सिकोतल्या एका युद्धकैद्यांच्या छावणीवर नेमलेला आहे. सिएरा चारिबा नावाचा अपाची म्होरक्या एका रँचवर हत्याकांड करून मुले पळवून नेतो. त्याचा पाठलाग करण्यासाठी डंडीकडे पुरेसे सैनिक नाहीत. मग तो आपले शिपाई, काळे सैनिक, चोर-भुरटे आणि दक्षिणेचे युद्धकैदी अशी सरमिसळ फौज उभी करतो. कैद्यांचा नेता बेंजामिन टायरीन (रिचर्ड हॅरिस) हा डंडीचा जुना मित्र आणि आताचा हाडवैरी. अपाची पकडला किंवा मारला जाईपर्यंत तुझ्या हुकमात राहीन, त्यानंतर तुझा-माझा हिशेब, असा शब्द तो देतो. ही फौज सीमा ओलांडून मेक्सिकोत शिरते. तिथे फ्रेंच सैन्य ठाण मांडून बसलेले आहे. एकाचा पाठलाग करता करता डंडी दुसऱ्याच युद्धात अडकतो.

हा चित्रपट आला त्याच वसंतात, मार्च १९६५ मध्ये, अमेरिकन मरीन सैनिक व्हिएतनाममधल्या दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. चित्रीकरण त्याआधीच्या वर्षी मेक्सिकोत उरकले होते, तेव्हा पेकिनपाला भविष्य दिसले असे म्हणण्याचे कारण नाही. पण शत्रूचा माग काढत परक्या भूमीत घुसणारा आणि आपण तिथे का आलो हेच विसरत जाणारा सेनाधिकारी ही कल्पना त्या काळाच्या नसेवर बोट ठेवणारी होती. या चित्रपटाकडे अभ्यासक पुन्हा पुन्हा वळतात ते यासाठी.

आता कात्रीकडे. निर्माता जेरी ब्रेस्लर आणि कोलंबिया स्टुडिओ यांनी चित्रीकरण सुरू होण्याच्या तोंडावर बजेट आणि दिवस दोन्ही कमी केले. पेकिनपा संतापी आणि दारूच्या आहारी गेलेला. सेटवर खटके उडत राहिले. स्टुडिओ त्याला काढून टाकण्याच्या बेतात असताना हेस्टनने त्याच्यासाठी आपले मानधन सोडण्याची तयारी दाखवली आणि स्टुडिओने ते खरोखरच घेतले. संकलनाच्या टप्प्यावर मात्र पेकिनपाच्या हातात काही उरले नाही. चित्रपट छाटला गेला, डॅनिएल आम्फिथिएट्रॉफ यांचे पार्श्वसंगीत त्यावर चढले आणि श्रेयनामावलीवर मिच मिलरच्या गायकवृंदाचे रणगीत आले. पेकिनपाला हे संगीत अजिबात पसंत नव्हते.

२००५च्या आवृत्तीत जे परत आले त्यातले दोन प्रसंग महत्त्वाचे वाटतात. पहिला रियागोचा. हा डंडीचा आदिवासी वाटाड्या. तो शत्रूला फितूर असेल, असा संशय सगळ्या तुकडीला आहे. छोट्या आवृत्तीत तो मधेच नाहीसा होतो आणि प्रेक्षकाच्या मनातही तो संशय तसाच राहतो. लांब आवृत्तीत त्याचे झाडाला टांगलेले प्रेत सापडते. तो निष्ठावान होता हे डंडीला आणि आपल्याला एकाच क्षणी कळते. काही सेकंदांच्या या दृश्याने त्याआधीच्या तासाभराचा अर्थ बदलतो. ज्यांच्यावर विश्वास ठेवायचा त्यांच्यावर डंडीने ठेवला नाही, हे त्याच्या चुकांच्या यादीत जमा होते.

दुसरा भाग दुरांगोमधला. पायात बाण घुसून जखमी झालेला डंडी तिथे लपून राहतो आणि दारूत बुडतो. छोट्या आवृत्तीत हे सारे घाईत उरकल्यासारखे वाटते. आता त्या अधःपाताला वेळ मिळाला आहे. शिस्तीचा पुतळा असलेला माणूस आतून किती पोकळ आहे, हे दिसायला तेवढा वेळ लागतोच.

इथवर कात्रीविरुद्धची फिर्याद सिद्ध होते. पण चित्रपटाचे खरे दुखणे शेवटच्या भागात आहे. सगळी कथा ज्याच्या शोधात उभी केली तो सिएरा चारिबा एका झटापटीत मारला जातो, आणि तोही डंडीच्या हातून नव्हे, तर कोवळ्या वयाच्या बिगुलवाल्याच्या गोळीने. यात एक उपरोध आहे, हे मान्य. पण त्यानंतर टायरीनचा शब्द संपतो आणि दोघांचा हिशेब व्हायला हवा. तो सुरू होतो न होतो तोच रिओ ग्रांडेच्या काठावर फ्रेंच घोडदळ येते आणि मोठी लढाई जुंपते. टायरीन वीरमरण पत्करतो. दोन माणसांमधला जो प्रश्न दोन तास धुमसत ठेवला, त्याचे उत्तर देण्यातून दिग्दर्शकाची सुटका फ्रेंच सैन्याने केली. परत आलेल्या मिनिटांचा या शेवटाला काहीच उपयोग होत नाही, कारण दोष कापण्यातला नाही. चित्रीकरण सुरू झाले तेव्हा पटकथाच पुरती जमलेली नव्हती. हेस्टनने पुढे नोंदवले आहे की, तिघांच्या डोक्यात तीन वेगळे चित्रपट होते. स्टुडिओला घोडदळ आणि इंडियन यांचा साहसपट हवा होता, त्याला स्वतःला यादवी युद्धावरचा चित्रपट हवा होता, आणि पेकिनपाला जे हवे होते ते त्याने पुढे 'द वाइल्ड बंच'मध्ये केले.

'द वाइल्ड बंच'शी (१९६९) तुलना इथे उपयोगी पडते. त्यातूनही प्रदर्शनानंतर सुमारे दहा मिनिटे काढली गेली होती. १९९५ मध्ये ती परत आली तेव्हा चित्रपट अधिक समृद्ध झाला, कारण कापण्यापूर्वी तो दिग्दर्शकाच्या हातून पूर्ण झालेला होता. 'शोले'चेही तसेच. ठाकूर गब्बरला पायांनी चिरडून मारतो हा मूळ शेवट आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आग्रहाने बदलावा लागला. २०२५ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुनरुज्जीवित केलेली प्रत इटलीतल्या बोलोन्याला दाखवली गेली, ती त्या मूळ शेवटासह. तिथे काय हरवले होते हे नेमके ठाऊक होते आणि ते चित्रित झालेले होते. हरवलेले परत आणता येते. मुळात कधी नव्हतेच ते कुठून आणणार?

संगीताचा मुद्दा आणखी नाजूक आहे. २००५ साली ख्रिस्तोफर कॅलिएंडो या संगीतकाराकडून नवे पार्श्वसंगीत करून घेतले गेले. ते जुन्यापेक्षा कितीतरी संयत आहे आणि दृश्यांना श्वास घेऊ देते. पण पेकिनपा १९८४ मध्येच वारला. त्याला जुने संगीत नको होते हे माहीत असले, तरी हेच हवे होते असे कोण सांगणार? फुटेज परत जोडणे ही पुनर्स्थापना, नवे संगीत घालणे ही दुरुस्ती. एकाच नावाखाली दोन्ही खपवली की इतिहासाचा घोळ होतो. डीव्हीडीवर जुने आणि नवे अशी दोन्ही संगीते देण्याची व्यवस्था केली गेली, ती म्हणूनच योग्य होती.

मग चित्रपट सावरला का? माझ्या मते निर्दोष झाला नाही, पण त्याचा न्याय करणे शक्य झाले. चाळीस वर्षे प्रत्येक उणीव निर्मात्याच्या खात्यावर टाकता येत होती. आता कोणती जखम कात्रीची आणि कोणती जन्मजात, हे वेगळे करता येते. रियागोचे मरण स्टुडिओने हिरावले होते, शेवटाचा गोंधळ पेकिनपाचा स्वतःचा होता. प्रतिभावंताला हुतात्मा ठरवणारी दंतकथा यात थोडी फिकी पडते, पण तिच्या जागी एक खराखुरा दिग्दर्शक दिसू लागतो. मोठी कल्पना हाती लागलेला, ती पेलण्याआधीच कामाला लागलेला आणि इथे फसलेले चार वर्षांनी पुन्हा मेक्सिकोच्याच भूमीवर साधणारा.

म्हणून दोन्ही आवृत्त्या जपल्या पाहिजेत. १९६५चा प्रेक्षक जे पाहून निराश झाला, तो छाटलेला चित्रपटही इतिहासाचा पुरावाच आहे. लांब आवृत्ती आली म्हणून तो कपाटाबाहेर टाकला, तर उद्याच्या अभ्यासकाला काय कापले गेले होते तेही कळणार नाही.