घरमालक

गेल्या महिन्यात मी आणि माझा रूममेट भाड्याचा फ्लॅट शोधत हिंडत होतो. एका काकांनी नोकरी, गाव, खाणंपिणं, पाहुणे किती येतात, सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "बॅचलर्सना देत नाही." वैतागलो! रविवारी ग्रँट रोडला उतरलो आणि पाय मोकळे करायला गावदेवीतल्या मणिभवनात गेलो.

मणिभवन म्हणजे गांधीजींचं मुंबईतलं घर, असं आपण सहज म्हणतो. पण ते त्यांचं कधीच नव्हतं. घर होतं रेवाशंकर जगजीवन झवेरींचं. धंदा जवाहिऱ्याचा. १८९१ साली गांधी बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबईत डॉ. प्राणजीवन मेहतांकडे उतरले. रेवाशंकर हे डॉक्टरांचे भाऊ. तिथे जमलेली मैत्री जन्मभर टिकली.

१९१७ ते १९३४ या काळात गांधी मुंबईत आले की मुक्काम इथे. आता पाहुण्याचे उद्योग बघा. एप्रिल १९१९ मध्ये सरकारी परवानगीशिवाय 'सत्याग्रही' पत्रक काढलं. नोव्हेंबर १९२१ मध्ये शहरात दंगल पेटली, ती थांबावी म्हणून इथेच उपोषण. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे तर पोलिस थेट गच्चीवरच्या तंबूतून त्यांना अटक करून घेऊन गेले.

मधेच एक गंमत. घरावरून रोज एक पिंजारी तार वाजवत जायचा, गाद्यांचा कापूस पिंजणारा. गांधींनी त्याला वर बोलावलं आणि सुतासाठी पेळू करून मागितले. गड्याने भाव चांगलाच चढा लावला, तो त्यांनी मुकाट्याने दिला!

१९५५ मध्ये वास्तू गांधी स्मारक निधीकडे आली. १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग इथे मुक्कामाला होते. दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली अजून तशीच जपली आहे. लोक तिचे फोटो काढतात आणि खाली उतरतात. मीही तेच करणार होतो. पण डोक्यात ते काका होते ना...

इतिहासात नाव पाहुण्याचं राहतं. पण सरकारच्या डोळ्यात खुपणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं छप्पर देणं, ही जोखीम घरमालकाची. धंदा, अब्रू, घर, सगळंच पणाला. भाषण नाही, उपोषण नाही. फक्त दार उघडं ठेवायचं.

असो. फ्लॅट अजून मिळालेला नाही. पण उद्या कधी कर्ज काढून घर घेतलंच, तर पाहुणे किती येतात हे मी भाडेकरूला विचारणार नाही. एवढं तरी जमावं.