इंग्रजी वाक्प्रचारांच्या जन्मकथा आणि ऐतिहासिक पुरावा : भारताशी जोडल्या गेलेल्या तीन वाक्प्रचारांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

वाक्प्रचार हा भाषेचा अलंकार असतो, असे शालेय व्याकरणात शिकवले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो एक साधन म्हणूनही तपासावा लागतो. 'पानिपत होणे' असे म्हणताना मराठी माणूस १४ जानेवारी १७६१ या दिवसाचे स्मरण नकळत करीत असतो. 'ध चा मा करणे' असे म्हणताना तो १७७३ मधील नारायणराव पेशव्यांच्या खुनाची एक कथा सांगत असतो. पहिल्या वाक्प्रचारामागील घटना निर्विवाद आहे, तर दुसऱ्यामागील कथा वादग्रस्त. बोलणाऱ्याला मात्र दोन्ही सारखेच खरे वाटतात. वाक्प्रचाराच्या जन्मकथेचा धोका नेमका येथे आहे. कथा रंजक असली की पुराव्याची विचारपूस कोणी करीत नाही.

इंग्रजी वाक्प्रचारांच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. १९९९ च्या सुमारास इ-मेलद्वारे जगभर फिरलेल्या एका मजकुराने सोळाव्या शतकातील इंग्लंडच्या जीवनाचे चित्र उभे करून डझनभर वाक्प्रचारांची 'मुळे' सांगितली होती. मुसळधार पावसासाठी इंग्रजीत 'कुत्री-मांजरे बरसणे' असे म्हणतात. जनावरे गवती छपरात झोपत, पाऊस आला की घसरून खाली पडत, म्हणून हा शब्दप्रयोग आला, असे त्यात म्हटले होते. या कथेला पुरावा नाही. कुत्र्या-मांजरांच्या पावसाचे उल्लेख छापील साहित्यात सतराव्या शतकाच्या मध्यास, हेन्री व्हॉन या कवीच्या १६५१ च्या संग्रहाच्या सुमारास, दिसू लागतात आणि आजच्या रूपातील प्रयोग जोनाथन स्विफ्टच्या १७३८ मधील लेखनात आढळतो. छपराचा त्यांत कोठेही संबंध नाही. तरीही ती कथा आजही अनेक वर्गांतून सांगितली जाते.

प्रस्तुत लेखकही या दोषापासून मुक्त नाही. अध्यापनाच्या पहिल्या काही वर्षांत पदवीच्या वर्गात १८५७ चा उठाव शिकवताना 'बाइट द बुलेट' हा वाक्प्रचार चरबीच्या काडतुसांतून जन्माला आला, असे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते. विद्यार्थ्यांनी ते उत्तरपत्रिकेतही लिहिले. पुढे संदर्भ तपासताना ते विधान टिकत नाही असे लक्षात आले. प्रस्तुत लेखाची प्रेरणा त्या चुकीतून आलेली आहे. भारताशी संबंध जोडला जाणाऱ्या तीन इंग्रजी प्रयोगांचा विचार येथे केला आहे.

पुराव्याचे स्वरूप

शब्दाचा इतिहास दिनांकित अवतरणांच्या आधारे मांडण्याची पद्धत ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने रूढ केली. जेम्स मरे यांच्या संपादनाखाली तिचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि मूळ कोश १९२८ मध्ये पूर्ण झाला. हजारो वाचकांनी पुस्तकांतून टिपून पाठवलेल्या चिठ्ठ्या हा तिचा पाया होता. या पद्धतीची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. सर्वांत जुने अवतरण म्हणजे शब्दाची जन्मतारीख नव्हे. तो शब्द त्या तारखेपूर्वी अस्तित्वात होता, एवढेच ते सिद्ध करते. म्हणून सांगितलेली घटना पहिल्या अवतरणानंतरची असेल तर कथा तत्काळ बाद होते. घटना आधीची असेल तर मात्र कथा सिद्ध होत नाही, ती केवळ शक्य ठरते. ही साधी गोष्ट आपण वारंवार विसरतो.

'दाम' आणि 'डॅम'

कालक्रमाच्या कसोटीवर सरळ बाद होणारे उदाहरण प्रथम घेऊ. 'आय डोन्ट गिव्ह अ डॅम', म्हणजे 'मला त्याची यत्किंचितही पर्वा नाही', हा प्रयोग 'गॉन विथ द विंड' या १९३९ च्या चित्रपटातील संवादामुळे विशेष प्रसिद्ध झाला. त्यातील 'डॅम' म्हणजे शापवाचक शब्द नसून आपला 'दाम' होय, अशी एक उपपत्ती आहे. अकबराच्या काळात चाळीस दामांचा एक रुपया होई. मराठीत 'दमडी' आणि 'छदाम' हे शब्द क्षुल्लक मोलासाठीच वापरले जात असल्याने ही उपपत्ती आपल्याला चटकन पटते.

तिला प्रतिष्ठा मिळवून दिली ती हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशाने. भारतातील इंग्रज मंडळी 'दमडीही देणार नाही' असे म्हणत, हे नोंदवून कोशकार पुढे सुचवतात की इंग्लंडमधील तो असभ्य वाटणारा उद्गारही भारतातूनच गेला असावा आणि त्याच्या व्युत्पत्तीत तरी काही पाप नाही. व्हिक्टोरियन सभ्यतेला ही सूचना किती सोयीची होती, हे सांगण्याची आवश्यकता नाही. मुखातून निघालेला शाप एका तांब्याच्या नाण्यात विरघळून जात होता.

याच कथेचे दुसरे रूप ड्यूक ऑफ वेलिंग्टनशी जोडले जाते. हा ड्यूक म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईत मराठ्यांच्या सैन्याचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली. 'दोन पेनीचा डॅम' हा त्याचा आवडता उद्गार असल्याचा हवाला मेकॉलेने १८४९ च्या एका पत्रात दिला आहे. भारतात राहिलेल्या सेनापतीने भारतीय नाणे बोलीत नेले, ही कल्पना आकर्षक आहे. परंतु ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या लेखनात 'तीन डॅमांइतकीही पर्वा नाही' अशा धर्तीचा प्रयोग १७६० मध्येच येतो. वेलस्लीचा जन्म १७६९ चा आणि त्याचे भारतात आगमन १७९७ चे. ऑक्सफर्डच्या कोशाने नाण्याची उपपत्ती निराधार ठरवली असून हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेल्या दोषारोपवाचक क्रियापदाचाच आहे. एवढ्यावर हा विषय संपतो.

'बाइट द बुलेट' आणि १८५७

'बाइट द बुलेट' याचा आजचा अर्थ अपरिहार्य दुःख किंवा अप्रिय निर्णय निमूटपणे, धैर्याने स्वीकारणे असा आहे. त्याची उत्पत्ती १८५७ शी जोडणारी कथा सर्वांना परिचित आहे. एनफिल्ड रायफलचे काडतूस दातांनी तोडावे लागे, त्यावर गाईची व डुकराची चरबी लावल्याची वार्ता पसरली, आणि शिपायांवर 'गोळी चावण्याचा' प्रसंग आला.

येथे केवळ कालक्रमाने निवाडा होत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. लाक्षणिक अर्थाचा प्रसिद्ध जुना प्रयोग रुडयार्ड किपलिंगच्या 'द लाइट दॅट फेल्ड' या १८९१ च्या कादंबरीत आहे, म्हणजे उठावानंतर चौतीस वर्षांनी. त्यात किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ चा. तेव्हा वरवर पाहता कथा शक्य कोटीतील वाटते. तिचा विचार वस्तू, अर्थ आणि जुना व्यवहार या तिन्ही अंगांनी करावा लागतो.

प्रथम वस्तूचा विचार करू. काडतूस म्हणजे गोळी नव्हे. कागदाच्या नळीत एका टोकाला दारू व दुसऱ्या टोकाला गोळी असे. शिपाई दातांनी फाडी तो दारूच्या बाजूचा कागद. दारू नळीत ओतून मग गोळी ठासली जाई. गोळी चावण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय दातांनी काडतूस फाडणे ही नवी गोष्टही नव्हती. जुन्या मस्केट बंदुकीच्या काळापासून युरोपीय व हिंदी शिपाई ते करीतच होते. नवे होते ते वंगण आणि त्याविषयीचा संशय. काडतूस हाताने फाडण्याची मुभा १८५७ च्या आरंभीच्या महिन्यांतच देण्यात आली होती, तरी तो संशय दूर झाला नाही.

जुन्या व्यवहाराचा पुरावा वेगळ्याच दिशेने नेतो. फ्रान्सिस ग्रोस याच्या बोलीभाषेच्या कोशाच्या १७९६ च्या आवृत्तीत ब्रिटिश सैन्यातील फटक्यांच्या शिक्षेसंबंधी एक नोंद आहे. चाबकाचे फटके बसताना ओरडणाऱ्या शिपायाला 'नाइटिंगेल' म्हणजे गाणारा पक्षी म्हणून हिणवत. काही पलटणींतील ग्रेनेडियर तसे न ओरडणे हा मानाचा प्रश्न समजत आणि त्यासाठी गोळी चघळत. म्हणजे तोंडात गोळी धरून वेदना सोसण्याची प्रथा उठावापूर्वी साठ वर्षे कोशात नोंदली गेली होती. भुलीच्या औषधाअभावी शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या तोंडात गोळी देत असत, ही दुसरी लोकप्रिय कथाही येथे आठवते. परंतु आडव्या पडलेल्या रुग्णाच्या घशात गोळी अडकण्याचे भय पाहता चामड्याचा पट्टा किंवा लाकडाचा तुकडा अधिक संभवनीय वाटतो. मला स्वतःला फटक्यांचा पुरावा सर्वांत बळकट वाटतो.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा अर्थाचा आहे. २४ एप्रिल १८५७ रोजी मीरत येथे तिसऱ्या लाइट कॅव्हलरीच्या नव्वद स्वारांपैकी पंच्याऐंशी जणांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. ९ मे रोजी भर कवायतीत त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या गेल्या आणि १० मे रोजी उठाव झाला. इतिहासाने नोंदवलेली कृती नकाराची आहे, आणि वाक्प्रचाराचा अर्थ आहे निमूट स्वीकाराचा. तेव्हा ही जन्मकथा सांगताना आपण केवळ व्युत्पत्तीची चूक करीत नाही, तर ज्यांनी नाकारले त्यांना सोसणाऱ्यांच्या रांगेत उभे करतो. उठावाचे सारे कारण एका काडतुसात कोंबण्याची जुनी सवयही त्यामुळे दृढ होते. १८४८ चे साताऱ्याचे विलीनीकरण, १८५६ मधील अवधचा ताबा, त्याच वर्षीचा समुद्रापार नोकरीची अट घालणारा भरतीचा कायदा, ही सर्व कारणे त्या एका रंजक वाक्याच्या मागे झाकली जातात. वर्गात ते वाक्य उच्चारताना मला यांपैकी काहीही जाणवले नव्हते.

'डूलॅली' : देवळालीचा ताप

तिसरे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे, कारण येथे कथा खरी आहे. ब्रिटिश बोलीत 'डूलॅली' म्हणजे डोके फिरलेला, भ्रमिष्ट. मूळ प्रयोग 'डूलॅली टॅप' असा होता. त्यातील पहिला शब्द म्हणजे नाशिकजवळील देवळाली. दुसरा 'टॅप' हा हिंदुस्थानीतील ज्वरवाचक 'तप'. मराठी वाचकाला तो 'ताप' म्हणून सहज ओळखू येईल. फ्रेझर आणि गिबन्स यांनी सैनिक व खलाशांच्या शब्दांचा जो कोश १९२५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात हा प्रयोग नोंदलेला आहे. रॉयल वेल्च फ्युझिलियर्समधील शिपाई फ्रँक रिचर्ड्स याच्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या १९३६ च्या आठवणींतही देवळालीचे वर्णन येते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो भारतात होता. म्हणजे स्थळ, काळ आणि बोलणारा वर्ग, या तिन्ही बाबतींत पुरावा परस्परांशी जुळतो.

देवळालीलाच हा मान का मिळाला, याचे उत्तर लष्करी व्यवस्थेत सापडते. १८६० च्या दशकात तेथे ब्रिटिश सैन्याची छावणी उभी राहिली. मुंबई बंदराजवळ, पण घाटावरची थंड हवा, आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची सोय, यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या तुकड्यांचा तो थांबा झाला. कार्डवेलच्या १८७० च्या कायद्याने अल्पमुदतीची सैन्यसेवा सुरू केली आणि दरवर्षी मुदत संपून मायदेशी परतणाऱ्या शिपायांची संख्या वाढली. सैनिकांची ने-आण करण्यासाठी क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस ही पाच खास जहाजे होती. परंतु पावसाळा आणि तांबड्या समुद्रातील उन्हाळा टाळण्यासाठी ती शरद ऋतूपासून वसंतापर्यंतच चालत. ज्याची मुदत त्या हंगामानंतर संपे, त्याला पुढल्या हंगामापर्यंत थांबावे लागे. काम नाही, कवायत नाममात्र, जहाज केव्हा येणार ते ठाऊक नाही. जवळ दारू, ऊन आणि हिवताप. वर्षानुवर्षे शिस्तीत राहिलेला माणूस अशा रिकामपणात बिघडे, विचित्र वागू लागे. मग सोबती म्हणत, याला देवळालीचा ताप चढला. देवळालीला वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून हा शब्द आला, असेही सांगितले जाते. वरील खुलाशाला मात्र अशा इस्पितळाची गरज पडत नाही. केवळ वाट पाहणे पुरेसे आहे.

पुढे 'टॅप' गळून पडला आणि एकटा 'डूलॅली' उरला. उच्चार इंग्रजी झाल्याने शब्दाचे मूळ विसरले गेले. बीबीसीची 'इट एंट हाफ हॉट मम' ही १९७४ ते १९८१ या काळातील विनोदी मालिका आरंभी देवळालीच्याच छावणीत घडते. तिच्यामुळे काही प्रेक्षकांना गावाचे नाव तरी कळले असेल. खुद्द देवळालीची ओळख १९४७ पासून भारतीय तोफखान्याच्या प्रशिक्षण विद्यालयामुळे आहे. एका ब्रिटिश शब्दात आपले गाव दडलेले आहे, याची तेथे क्वचितच चर्चा होते. या शब्दाच्या उपलब्ध नोंदी सर्व गोऱ्या शिपायांच्या आहेत. त्या छावणीला दूध, भाजी, सरपण पुरवणाऱ्या, तेथील शिपायांचे कपडे धुणाऱ्या स्थानिक माणसांनी या वाट पाहणाऱ्या परदेशी सोजिरांना काय नाव दिले होते, याचा शोध नाशिक परिसरातील महाविद्यालयांनी मौखिक परंपरांच्या आधारे घेण्यासारखा आहे.

गेल्या वर्षी मी वर्गात जुने विधान मागे घेतले आणि 'बाइट द बुलेट'ऐवजी फळ्यावर 'डूलॅली टॅप' हे शब्द लिहिले. दुसऱ्या शब्दाचा अर्थ काय असेल, असे विचारताच मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, ताप."