प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या ब्रेक व स्टिअरिंगमधील सुधारणा

प्रीमियर पद्मिनी ही मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने उत्पादित केलेली प्रवासी मोटार होती. तिचा आराखडा इटलीतील फियाट ११०० डी या मोटारीवर आधारलेला होता. जतन केलेल्या अशा मोटारी आजच्या रस्त्यांवर सुरक्षितपणे चालवता याव्यात म्हणून त्यांच्या ब्रेक व स्टिअरिंग यंत्रणेत केल्या जाणाऱ्या दुरुस्त्या व बदल यांचा या लेखात समावेश आहे. जुन्या मोटारींच्या बाबतीत इंजिनाची ताकद वाढवण्यापेक्षा या दोन यंत्रणांना अधिक महत्त्व दिले जाते, कारण अपघात टाळण्याची क्षमता प्रामुख्याने त्यांच्यावरच अवलंबून असते.

पार्श्वभूमी

ही मोटार भारतात १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने तयार होऊ लागली. पुढे तिला 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' असे नाव मिळाले. तिचे इंजिन १,०८९ घन सेंमी क्षमतेचे होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे ती सर्वपरिचित झाली. या टॅक्सींचा वापर २०२३ मध्ये संपुष्टात आला. मात्र खासगी मालकीच्या अनेक पद्मिनी आजही वापरात आहेत.

फियाटने १९६६ मध्ये इटलीत सादर केलेल्या ११०० आर या पुढील आवृत्तीत समोरच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. भारतीय मोटार मात्र ११०० डी च्या आराखड्यावरच राहिली व त्यातील चारही चाकांचे ड्रम ब्रेक पुढेही कायम राहिले. त्यामुळे समोर डिस्क ब्रेक बसवण्याच्या कल्पनेला या मोटारीच्या मूळ घराण्यातच आधार सापडतो.

सुधारणेची गरज

गतिमान मोटारीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १,००० किलोग्रॅम वस्तुमानाच्या मोटारीची गतिज ऊर्जा ताशी ४० किमी वेगाला सुमारे ६२ किलोज्यूल, तर ताशी ८० किमी वेगाला सुमारे २४७ किलोज्यूल असते. म्हणजे वेग दुप्पट झाल्यास ब्रेकना चौपट ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करावे लागते. शहरातील संथ रहदारीत पुरेसे वाटणारे ब्रेक महामार्गावर अपुरे पडण्याचे हे मुख्य कारण आहे.

ड्रम ब्रेकमध्ये ही उष्णता ड्रमच्या आत साठते. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, लायनिंगचे घर्षण कमी होते आणि पेडल अधिक खोल दाबावे लागते. या परिणामास ब्रेक फेड म्हणतात. बोरघाटासारखा लांब उतार उतरताना तो प्रकर्षाने जाणवतो. अशा वेळी खालच्या गिअरमध्ये मोटार चालवून इंजिनाच्या अवरोधाचा उपयोग करणे आवश्यक असते.

मूळ ब्रेक पूर्ववत करणे

कोणताही नवा भाग बसवण्यापूर्वी मूळ यंत्रणा तिच्या पूर्ण क्षमतेस आणणे ही पहिली पायरी मानली जाते. जुन्या मोटारीचे ब्रेक कमकुवत असण्याचे कारण पुष्कळदा आराखड्यात नसून झिजेत असते. यासाठी पुढील बाबी तपासल्या जातात :

• ड्रमची गोलाई व आतील व्यास. खराद करून ड्रम समतल करता येतो; परंतु व्यास ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास ड्रम बदलावा लागतो.
• लायनिंगची जाडी, तिच्यावरील तेल किंवा ग्रीस, आणि शू व ड्रम यांमधील अंतराचे समायोजन.
• व्हील सिलिंडर व मास्टर सिलिंडरमधील रबरी सील आणि आतील गंज.
• रबरी होज पाइप. जुना होज आतून फुगतो व ब्रेक ऑइल परत येऊ देत नाही. परिणामी पेडल सोडल्यावरही चाक अडकलेले राहते.
• धातूच्या नळ्यांवरील गंज, विशेषतः पावसाळी व समुद्रकिनाऱ्यालगतच्या भागांत वापरलेल्या मोटारींमध्ये.

ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या कोरड्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २०५° से. असतो; ओलावा शोषल्यावर तो १४०° से. इतका खाली येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे अनुक्रमे २३०° व १५५° से. आहेत. ऑइल उकळल्यास नळ्यांमध्ये वाफ तयार होते आणि पेडल पोकळ लागते. म्हणून मोटार कमी चालत असली तरी ऑइल ठरावीक काळाने बदलले जाते.

ब्रेकमधील बदल

दुहेरी मास्टर सिलिंडर : मूळ आराखड्यात चारही चाकांसाठी एकच द्रव-मार्ग आहे. त्यात कोठेही गळती झाल्यास चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी निकामी होऊ शकतात. दुहेरी मास्टर सिलिंडरमुळे पुढील व मागील चाकांचे मार्ग वेगळे होतात आणि एक मार्ग निकामी झाला तरी दुसरा कार्यरत राहतो. बाहेरून न दिसणारा हा बदल सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त समजला जातो.

समोरचे डिस्क ब्रेक : डिस्क उघडी असल्याने लवकर थंड होते व पाण्यातून गेल्यावर लवकर कोरडी होते. मात्र ड्रममध्ये चाकाच्या फिरण्यामुळे शू आपोआप अधिक घट्ट दाबला जातो, तसे डिस्कमध्ये होत नाही. त्यामुळे पेडलवर अधिक जोर लावावा लागतो. मास्टर सिलिंडरचा व्यास कॅलिपरला अनुरूप असावा लागतो. ड्रमसाठी नळीत थोडा दाब कायम राखणारा झडप-भाग डिस्कच्या मार्गात राहिल्यास पॅड सतत घासत राहतात.

व्हॅक्युम सर्वो : इंजिनातील निर्वाताचा उपयोग करून सर्वो पेडलावरील श्रम कमी करतो. टायरची रस्त्यावरील पकड मात्र त्याने वाढत नाही.

पुढील व मागील ब्रेकचा समतोल

ब्रेक लावल्यावर मोटारीचा भार पुढील चाकांकडे सरकतो व मागील चाके हलकी होतात. मागील चाके आधी जाम झाल्यास मोटार गरकन फिरू शकते. पुढील चाके आधी जाम झाल्यास ती सरळ घसरते, परंतु वळवता येत नाही. यामुळे केवळ एका टोकाचे ब्रेक प्रभावी करणे पुरेसे नसते. बदलानंतर कोणती चाके प्रथम जाम होतात याची चाचणी रहदारीपासून दूर, मोकळ्या जागेत व कमी वेगाने घेतली जाते.

स्टिअरिंग

हिंदुस्तान अ‍ॅम्बॅसडरमध्ये रॅक व पिनियन पद्धतीचे स्टिअरिंग आहे. पद्मिनीत मात्र स्टिअरिंग बॉक्स आणि त्याला जोडलेले दांडे आहेत. अनेक सांधे असल्यामुळे प्रत्येक सांध्यातील थोडी झीज एकत्र होऊन स्टिअरिंगच्या चाकाला मोठी ढिलाई येते. टाय रॉड एंड, आयडलर आर्मचे बुश, किंग पिन आणि चाकांचे बेअरिंग क्रमाने तपासून झिजलेले भाग बदलले जातात.

ढिलाई दूर करण्यासाठी केवळ बॉक्सवरील समायोजन स्क्रू आवळणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. मोटार बहुतांश वेळ सरळ चालत असल्याने बॉक्समधील दाते मध्यभागी अधिक झिजतात. मध्यभागी ढिलाई राहणार नाही इतका स्क्रू आवळल्यास वळणावर स्टिअरिंग अडकते व वळणानंतर चाके आपोआप सरळ होत नाहीत.

जुन्या क्रॉस-प्लाय टायरऐवजी रेडियल टायर बसवल्यास मोटार अधिक स्थिर चालते. पण उभ्या मोटारीचे स्टिअरिंग जड होते आणि चाकांचे अलाइनमेंट नव्याने करावे लागते. पुढे रेडियल व मागे क्रॉस-प्लाय अशी जोडी धोकादायक असते, कारण वळणावर मागील चाकांची पकड आधी सुटते. काही मोटारींत विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंगही बसवले जाते. ते श्रम कमी करते, झीज भरून काढत नाही. उलट हाताला जाणवणारी ढिलाई झाकली जाण्याचा संभव असतो.

कायदेशीर बाजू व मूळ स्वरूपाचा प्रश्न

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपेक्षा वेगळे ठरतील असे बदल करण्यास मनाई आहे. २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या व मोठे फेरबदल न झालेल्या वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' अक्षरांच्या क्रमांकाने नोंदणी करता येते.

यामुळे संग्राहकांपुढे सुरक्षितता व अस्सलपणा यांत निवड करण्याचा प्रश्न उभा राहतो. मूळ भाग उत्तम स्थितीत आणणे दोन्ही दृष्टींनी निर्दोष ठरते. त्यापुढील बदल करताना ते शक्यतो पूर्ववत करता येण्याजोगे ठेवले जातात, काढलेले मूळ भाग जपून ठेवले जातात आणि स्टिअरिंगच्या दांड्यांवर वेल्डिंग करणे टाळले जाते.